काटेसाहेबांचं थंड पाणी

आमच्या फ्रिजमध्ये तेव्हा पाण्याच्या दोन बाटल्या असायच्या. एक माझी, साडेसातशे मिलीची, तिच्यावर मार्करने पाच आडव्या रेघा मारलेल्या. सकाळच्या चहापासून संध्याकाळच्या गोळ्यांपर्यंत जे काही पातळ म्हणून माझ्या पोटात जाणार, ते सगळं त्या बाटलीतून वजा. दुसरी माझ्या दादाची. दोन लिटरची, फ्रिजच्या दारात मावत नाही म्हणून खालच्या खणात आडवी झोपवलेली, आणि तिच्यावर एकही रेघ नाही. मी माझी बाटली चोवीस तास पुरवायचे. दादा त्याची बाटली कामावर निघायच्या आधीच संपवायचा, भरून पुन्हा आत ठेवायचा आणि बूट घालता घालता मला सांगायचा, "तुझ्यासाठीच पितोय गं."

आता हे ऐकून कुणाच्याही डोक्यात तिडीक जाईल. माझ्या तर रोज जायची.

झालं होतं असं, की माझ्या दोन्ही किडन्या दोन वर्षांपूर्वी संपावर गेल्या होत्या. नोटीस वगैरे काही नाही, सरळ काम बंद. तेव्हापासून आठवड्यातून तीनदा हॉस्पिटलात जायचं आणि चार तास मशीनला जोडून घ्यायचं. आधी वजन, नंतर वजन. मधल्या दिवसांत प्यायलेलं पाणी माझ्यातच साठून राहायचं, ते मशीन ओढून काढायचं. तिथला टेक्निशियन मला पाहिलं की विचारायचा, "काय ताई, आज किती आणलंत?" जशी काही मी बाजारातूनच येतेय. मी म्हणायचे, "दोन किलो दोनशे." लिटर म्हणायची गरजच नव्हती, एक लिटर म्हणजे एक किलो. पाण्याचं वजन मला जेवढं ठाऊक होतं तेवढं आमच्या अख्ख्या शहरात कुणाला ठाऊक नसेल. आणि शहरातला सगळ्यात मोठा वजनकाटा चालवणारा माणूस माझ्याच घरात राहत होता.

हाच तो माझा दादा. गोदामांच्या रस्त्याला, जिथे ट्रक वळतात, तिथे जमिनीत अठरा मीटरचा लोखंडी पाट बसवलेला आहे. ट्रक त्यावर चढतो, इंजिन बंद करतो, आणि शेजारच्या केबिनमध्ये लाल आकडा उमटतो. त्या केबिनमध्ये दादा एकवीस वर्षं बसलाय. आधी भरलेला ट्रक, मग रिकामा ट्रक, वजाबाकी, पावती, शिक्का. ड्रायव्हर लोक त्याला 'काटेसाहेब' म्हणतात. केबिन एवढीशी. एक सरकती काच, एक पंखा, एक टेबल, बिस्किटांचा एक खण आणि एक खुर्ची. ही तिसरी खुर्ची. आधीच्या दोघींनी त्याच्याखाली प्राण सोडला.

कामात मात्र माणूस एकदम कडक. ट्रक पाटावर असताना ड्रायव्हर आत बसून राहिला तर दादा पावती देणार नाही. काच सरकवून ओरडणार, "साहेब, आपण माल आहात का? मग उतरा खाली." एकदा एका मोठ्या व्यापाऱ्याने त्याला आकडा जरा वर सरकवायला सांगितलं, तर दादाने त्याला पाटावरच उभं केलं आणि त्याच्या वजनाची पावती शिक्का मारून त्याच्या हातात ठेवली. ही गोष्ट त्याने मला निदान चाळीस वेळा सांगितली असेल. दर वेळी व्यापारी थोडा जाड होत गेला.

स्वतः दादा लहानपणापासूनच भरलेला ट्रक. आई सांगते की जन्मला तेव्हा नर्सनेच दोनदा वजन करून पाहिलं. मी त्याच्याहून नऊ वर्षांनी लहान. मला सायकल त्याने शिकवली, मागे सीट धरून धापा टाकत धावायचा आणि "सोडलं नाहीये, सोडलं नाहीये!" असं ओरडायचा, म्हणजे सोडल्याचं मला लगेच कळायचं. माझं लहानपण त्याच्या सावलीत गेलं, आणि सावली चांगली ऐसपैस होती. त्याला फक्त एका गोष्टीची भीती. सुईची. शाळेत लस टोचायला आले तेव्हा तो बाकाखाली जाऊन बसला होता आणि त्याला बाहेर काढायला दोन शिक्षक लागले होते.

तर, मला किडनी कोण देऊ शकेल हे बघायला घरातल्या सगळ्यांच्या तपासण्या झाल्या. आईची साखर आडवी आली. वहिनीचा रक्तगट जुळला नाही. दादाचं सगळं जुळलं. रक्त जुळलं, आणखी काय काय असतं तेही जुळलं, डॉक्टर म्हणाले, "सख्ख्या भावंडांतही इतकं क्वचित जुळतं." आई तिथल्या तिथे रडायला लागली. मग डॉक्टरांनी दादाला कोपऱ्यातल्या काट्यावर उभं केलं. एकशे पाच किलो चारशे ग्रॅम. "पंच्याण्णवच्या खाली यावं लागेल," डॉक्टर म्हणाले. "तीन महिने देतो. नाही जमलं तर ऑपरेशन करता येणार नाही." मग काय करायचं, आईने विचारलं. मग किडनीची वाट बघणाऱ्यांची यादी, ते म्हणाले. त्या यादीत माझा नंबर तीनशेच्या पुढे होता, आणि माझ्या शेजारच्या खुर्चीवर मशीन लावून घेणाऱ्या आजोबांचा नंबर एकोणीसवरून सतरावर यायला वर्ष लागलं होतं. म्हणजे सगळं गणित दहा किलोंवर येऊन थांबलं. माझं उरलेलं आयुष्य दादाच्या पोटाभोवती गुंडाळलेलं होतं.

हॉस्पिटलातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी एक कागद दिला. काय खायचं, किती खायचं, रोज पाऊण तास चालायचं. वहिनीने तो फ्रिजवर चिकटवला. दादाने चार दिवस इमानेइतबारे पाळला. पाचव्या दिवशी त्या कागदावर तेलाचा डाग पडला आणि सहाव्या दिवशी दादा घरी आला तो शास्त्रज्ञ होऊन.

"आपण सगळे मूर्ख आहोत," तो दारातूनच म्हणाला. एका ड्रायव्हरने त्याला मोबाइलवर कसलातरी व्हिडिओ दाखवला होता. "थंड पाणी! बास. थंडगार पाणी पोटात गेलं की अंगाला ते गरम करावं लागतं. गरम करायचं म्हणजे काहीतरी जाळायला हवं. काय जाळणार? चरबी! ट्रक नुसता उभा असला तरी इंजिन चालू ठेवलं की डिझेल खातो की नाही?"

"अहो, मग तुम्ही फ्रिजमध्येच जाऊन बसा ना," वहिनी म्हणाली. ती शाळेत गणित शिकवते, तिच्यासमोर शास्त्र फार टिकत नाही. "आणि डिझेल भरणं बंद केलंत तर?"

दादाने ते ऐकलंच नाही. ऐकू न येण्याची त्याची एक खास पद्धत आहे. खिडकीतून लांब कुठेतरी बघतो, जसा काही ट्रक येतोय.

मी पुढच्या फेरीला आहारतज्ज्ञ बाईंना विचारलंच. त्या बिचाऱ्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "खोटं नाहीये ते. शरीर थोडं खर्च करतं. जेवणाआधी पाणी प्यायलं तर दोन घास कमी जातात, तोही फायदा. पण एक लिटर बर्फाचं पाणी गरम करायला जेवढं जळतं ना, ते एका बिस्किटाएवढं. फार तर दीड." मी घरी येऊन हे दादाला सांगितलं, शब्दाला शब्द. त्याचा चेहरा उजळला.

"म्हणजे जळतं! बघा! तत्त्व त्यांनाही मान्य आहे!"

"दादा, तू त्या लिटरभर पाण्याबरोबर चार बिस्किटं खातोस."

"नुसतं पाणी रिकाम्या पोटी बाधतं," तो म्हणाला.

असं सुरू झालं. फ्रिज बाटल्यांनी भरला, दुधाला जागा उरेना. बर्फाचे दोन्ही ट्रे त्याच्या नावावर झाले. आता यातली गंमत ऐका. तहान फारच झाली की मला बर्फाचा एक खडा चघळायची परवानगी होती. दिवसाला दोन खडे. एक दुपारी, शिवणयंत्रावर बसून, ब्लाउजच्या बाह्या जोडताना. एक संध्याकाळी. मी त्या दोन खड्यांची वाट बघत दिवस काढायचे. आणि एका दुपारी ट्रे उघडते तर रिकामा. माझ्यासाठी वजन कमी करता करता माझा भाऊ माझा बर्फ पिऊन गेला होता! त्या दिवशी मी घरात जो तमाशा केला तो शेजाऱ्यांना अजून आठवतो.

त्यानंतर तो लपून प्यायला लागला. ते तर अजूनच वाईट. मी पुढच्या खोलीत कापड बेततेय, आणि आतून न्हाणीघराचं दार लागल्याचा आवाज, नळ सोडल्याचा आवाज, आणि नळाच्या आवाजाआडून खळ्ळ, खळ्ळ, पेल्यात बर्फ हलल्याचा. ज्याला पाणी मोजून मिळतं त्याचे कान फार तिखट होतात. मला त्याचा घोट गिळल्याचा आवाजसुद्धा यायचा. आई मला काही कळू नये म्हणून मुद्दाम मोठ्याने भांडी आपटायची. सगळं घर एका माणसाचं पाणी पिणं लपवण्यात गुंतलेलं, आणि मी कात्री हातात धरून कोरडी जीभ टाळूवर फिरवत बसलेली.

दीड महिना झाला आणि एका संध्याकाळी दादा घरात शिरला तो दोन्ही हात वर करून. "दहा किलो!" त्याने ओरडून सांगितलं. "एका दमात दहा किलो! पहिल्या दिवशी मी काट्यावर उभा राहिलो होतो तेव्हा एकशे दहा दाखवलं होतं. आज शंभर! आपला काटा, सरकारी शिक्क्याचा!"

"हॉस्पिटलात तर एकशे पाच होतं ना?" वहिनीने विचारलं.

"त्यांच्या काट्याला शिक्का आहे का?" दादा म्हणाला. 

आईने त्याच्या गालांवरून हात फिरवला, "वाळलास रे," म्हणाली. एकशे पाच किलोच्या माणसाला असं फक्त आईच म्हणू शकते. केक आणला गेला. दादाने दोन तुकडे खाल्ले, दहा किलो उतरल्याच्या आनंदात. मीसुद्धा खुळ्यासारखी हसत होते. आता राहिले पाच, मी मनात म्हणत होते, फक्त पाच. त्या रात्री मला खूप दिवसांनी छान झोप लागली.

पण मी शिवणारी बाई आहे. दहा किलो उतरलेल्या माणसाची पँट सैल होते, हे मला कुणी सांगायला नको. दोन दिवसांनी मी त्याला म्हटलं, "दे तुझ्या पँटी, कंबर आत घेते."

"राहू दे गं, पट्टा आहे," तो म्हणाला.

"पट्ट्याने चुण्या पडतात, वाईट दिसतं."

"काट्यावर कोण बघतंय?" असं म्हणून तो लांब बघायला लागला, जसा काही ट्रक येतोय.

तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली. दुसऱ्या दिवशी तो जेवायला बसलेला असताना मी मागून गेले आणि काही कळायच्या आत टेप त्याच्या कंबरेभोवती टाकली. चव्वेचाळीस. रंगेहाथ पकडलेल्या चोरालाही इतकं दचकताना मी पाहिलं नाही. चव्वेचाळीस इंच ही त्याची गेल्या सहा वर्षांची कंबर होती, माझ्या वहीत लिहिलेली होती. टेपला शिक्का नसतो, पण ती खोटं बोलत नाही.

"चरबी आतून जळते," दादा म्हणाला. "बाहेरून दिसायला वेळ लागतो."

 मला वाटलं, बिचाऱ्याचा काटा बिघडला असेल आणि त्याला ते कळलंच नसेल. एकवीस वर्षं ज्याच्यावर विश्वास ठेवला तो काटाच दगा देतोय हे त्याला कसं सांगायचं, याचीच मला काळजी लागली. काय पण माझी अक्कल! दोन दिवसांनी माझा मशीनचा वार नव्हता, म्हणून मी त्याचा डबा घेऊन स्वतःच काट्यावर गेले. म्हटलं हळूच विषय काढू.

केबिनचं मागचं दार अर्धं उघडं होतं. दादाची पाठ माझ्याकडे. समोरच्या काचेत एक ड्रायव्हर पावती नाचवत भांडत होता. त्याचं म्हणणं, मघाशी याच ट्रकचं वजन दहा किलोंनी जास्त आलं होतं आणि आता कमी कसं?

दादा हसला. किती समजूतदारपणे हसला! "अहो, तुम्ही मधे काय केलंत?"

"काही नाही. चहा प्यायला गेलो."

"बघा, हा ट्रकचा काटा आहे, सोनाराचा नाही. याचं एक घर म्हणजे दहा किलो. चार किलो नऊशेपर्यंत खालचा आकडा दाखवणार, पाचच्या वर गेलं की पुढचा. मधलं याला दिसतच नाही. तुमच्या चाकाला चिखल लागला नि पडला, तरी दहा किलोंचा फरक दिसणार. म्हणून दहा किलो इकडेतिकडे म्हणजे काहीच नाही. एकवीस वर्षं झाली हो मला."

ड्रायव्हर गेला. मी डबा हातात धरून उभी होते. दादाने खुर्ची वळवली आणि मला पाहिलं.

  मी म्हटलं, "तुला माहीत होतं."

तो खिडकीबाहेर बघायला गेला. या वेळी खरंच ट्रक येत होता, पण मी मधे जाऊन उभी राहिले.

"पहिल्या वेळी बूट होते पायात," तो हळूच म्हणाला. "आणि किल्ल्यांचा जुडगा. दुसऱ्या वेळी काढून ठेवले."

"दादा!"

"अर्धा किलो खरंच उतरलाय गं."

"का केलंस असं?"

त्याने टेबलावरचा शिक्का उचलला, परत ठेवला.  "भीती वाटते," तो म्हणाला. "झोपवतील. कापतील. उठलोच नाही तर? मला वाटलं, तीन महिने असेच जातील. मग डॉक्टरच नाही म्हणतील. मला म्हणावं लागणार नाही."

हे ऐकून मला त्याचा इतका राग आला की कानशिलं तापली. आणि तेवढीच त्याची दया आली, आणि दया आली म्हणून पुन्हा राग आला. दीड महिना हा माणूस मला ऐकू येईल असं पाणी पीत होता! मी म्हटलं, "नाही म्हणायचं होतंस ना. सरळ तोंडाने म्हणायचं. मला वाईट वाटलं असतं, मी रडले असते, पण मी तुझ्याशी बोलणं टाकलं नसतं. तू मला केक चारलास रे! आईला नाचवलंस!" आणि बोलता बोलता माझा घसा असा सुकला की शब्द फुटेना, आणि समोर टेबलावर त्याची बाटली, बाहेरून दव धरलेली. मी ती उचलली, तोंडाला लावली आणि प्यायले. घटाघटा. दोन वर्षांत पहिल्यांदा, न मोजता. काय सांगू तुम्हाला ते कसं लागलं!

"अगं!" दादा खुर्चीतून उठला. मला वाटलं नव्हतं की तो इतक्या चपळाईने उठू शकेल. त्याने बाटली हिसकावली, पाणी दोघांच्या अंगावर सांडलं. "थुंक! थुंक ते! किती प्यायलीस? किती?" त्याने बाटली उजेडासमोर धरली, तिच्यावर रेघ शोधायला लागला. रेघ नव्हती.  "अर्धा लिटर? जास्त? बोल ना!"

"चल, काट्यावर उभी राहते," मी म्हटलं. "बघ दिसतंय का."

बाहेर ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. 

"तुझ्या काट्यावर नाही दिसणार," मी म्हटलं. "माझ्या छातीत दिसेल. परवा मशीनवर बसेपर्यंत मला आडवं झोपता येणार नाही, उशा लावून बसून काढावं लागेल. मला अर्धा लिटर दिसतो दादा. मला दोन खडे दिसतात."

तो मटकन खुर्चीत बसला आणि रडायला लागला. ड्रायव्हरने हॉर्न सोडला नाही. शेवटी मीच काच सरकवली आणि त्याला म्हटलं, "काटेसाहेब जेवतायत, दहा मिनिटं थांबा."

मी घरी कुणाला सांगितलं नाही. त्याने त्याचं त्याचं सांगितलं, त्याच संध्याकाळी, सगळ्यांसमोर, बूट आणि किल्ल्यांसकट.  वहिनी उठली, फ्रिजमधल्या सगळ्या बाटल्या काढून मोरीत ओतल्या आणि आहाराचा कागद पुन्हा नवीन छापून लावला. मी त्याला म्हटलं, "अजूनही नाही म्हणू शकतोस. मी खरंच सांगतेय." तो म्हणाला, "माहितेय." आणि हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. दोन दिवस मी उशांवर बसून काढले, आणि दर वेळी डोळा उघडला की दादा समोरच्या खुर्चीत बसलेला दिसायचा, माझा श्वास मोजत असल्यासारखा.

तिसऱ्या दिवशी त्याने एक छोटा काटा आणला. घरात वापरायचा, काचेचा, ग्रॅम दाखवणारा. शिक्का नव्हता. तो काटा त्याने केबिनमध्ये ठेवला आणि रोज सकाळी बूट काढून, किल्ल्या काढून, त्यावर उभा राहायला लागला. आकडा मला फोनवर सांगायचा. "एकशे चार नऊशे." फोन बंद. "एकशे चार सातशे." फोन बंद. कधी वर जायचा. "एकशे पाच एकशे," आणि मग इतका मोठा उसासा, की मला वाटायचं त्या उसाशानेच शंभरेक ग्रॅम गेले असतील. ट्रक नसेल तेव्हा तो त्या अठरा मीटरच्या पाटाभोवती फेऱ्या मारायचा. ड्रायव्हर थट्टा करायचे, साहेब आज स्वतःच लोड होऊन फिरतायत. बिस्किटांच्या खणात आता काकड्या होत्या, आणि काकडीकडे तो जसा बघायचा तसं कुणी शत्रूकडेही बघत नाही.

तीन महिन्यांत काही झालं नाही. डॉक्टरांकडे जाऊन त्याने स्वतःच खरं काय ते सांगितलं आणि आणखी तीन मागून घेतले. रक्त काढताना एकदा बेशुद्ध पडला, नर्सच्या अंगावर, आणि बिचारी नर्स सुट्टीवर गेली. मी त्याच्या पँटी एकदा आत घेतल्या, मग दुसऱ्यांदा, मग तिसऱ्यांदा. चव्वेचाळीसची बेचाळीस, बेचाळीसची एक्केचाळीस, आणि मग चाळीस. टेप टाकताना तो पोट आत घ्यायचा आणि मी त्याच्या पाठीत चापट मारायचे. ज्या दिवशी हॉस्पिटलातल्या काट्याने चौऱ्याण्णव किलो आठशे दाखवलं त्या दिवशी केक नाही आणला कुणी. घरी येऊन सगळे गप्प बसून राहिलो, कारण आता तारीख मिळणार होती.

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी आम्ही दोघं वॉर्डमध्ये शेजारी शेजारी बसलो होतो. हिरवे झगे घालून. त्याचा पाठीमागून बंद होत नव्हता, म्हणून मी पर्समधली सेफ्टी पिन काढून लावून दिली.

"भीती गेली का रे?" मी विचारलं.

"कुठे जातेय," दादा म्हणाला. "ती आहे तिथेच आहे. वजन तेवढं गेलं."

मी त्याचा हात धरला. ओला होता. मला म्हणायचं होतं की नको करूस, चल घरी जाऊ. म्हटलं नाही. मला जगायचं होतं. हेही खरं आहे, आणि मी ते लपवणार नाही.

मी शुद्धीवर आले तेव्हा घसा सुकलेला होता. सवयीने मी बाजूला बाटली शोधली, तिच्यावरच्या रेघा शोधल्या. दोन दिवसांनी नर्स आली, हातात मोठा जग. "हे सगळं संपवायचं," ती म्हणाली. "आजपासून दिवसाला तीन लिटर. नवीन किडनी आहे, तिला कामाला लावायची." मला वाटलं तिचं काहीतरी चुकतंय. दोनदा विचारलं. तीन लिटर? तीन किलो?

"आज दादा कसा आहे?" मी विचारलं.

"खाली आहेत. उठून बसलेत. सुई दिसली की डोळे मिटतात, बाकी उत्तम." तिने पेला भरून माझ्या हातात दिला. "हो, त्यांनी तुम्हाला निरोप दिलाय. म्हणाले, थंड पी म्हणावं, वजन उतरतं."

मी हसले तर टाके ओढले गेले. नर्स म्हणाली, हसायचं नाही. मग मी रडले, तर म्हणाली, तेही नाही. पाणी उकळून निवलेलं, कोमट. मी पेला एका दमात रिकामा केला. दोनशे मिली, म्हणजे दोनशे ग्रॅम. मी पेला पुढे केला आणि दुसरा मागितला.